पहिले आले, पण जिंकले नाहीत: पिएर लुईजी बेर्सानी यांची राजकीय वाटचाल

प्रश्न दुहेरी आहे. इटलीतील एमिलिया-रोमान्यासारख्या संपन्न प्रदेशाचे सरकार चालवलेले, तीन पंतप्रधानांच्या हाताखाली मंत्री राहिलेले आणि ज्यांच्या नावाने आजही कायदे ओळखले जातात असे पिएर लुईजी बेर्सानी २०१३ च्या निवडणुकीत पहिल्या क्रमांकावर येऊनही पंतप्रधान का होऊ शकले नाहीत, हा त्याचा पहिला भाग. आणि इटलीत प्रदेशाच्या राजकारणातून राष्ट्रीय नेतृत्वाकडे जाणारी वाट खरोखर अस्तित्वात आहे का, हा दुसरा. तौलनिक राज्यव्यवस्था शिकवताना इटलीवरचा पहिला तास मी अनेक वर्षे बेर्सानींपासूनच सुरू करत आलो आहे, कारण त्यांच्या एका कारकिर्दीत इटलीच्या व्यवस्थेचे जवळजवळ सगळे सांधे दिसतात. थोडक्यात उत्तर असे की, त्यांची घडण समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाशी बोलून तोडगा काढणाऱ्या राजकारणात झाली होती, आणि शेवटच्या पायरीवर त्यांची गाठ दोन अशा गोष्टींशी पडली जिथे बोलणीच चालत नाहीत: प्रदेशवार मोजली जाणारी सिनेटची (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची) मते आणि स्वतःच्याच पक्षाचे गुप्त मतदान.

आधी एक शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. इटलीत २० ‘रेजिओने’, म्हणजे प्रदेश आहेत. त्यांतील ५ प्रदेशांना विशेष दर्जा आहे आणि उरलेल्या १५ साधारण दर्जाच्या प्रदेशांत पहिली निवडणूक थेट १९७० साली झाली, म्हणजे राज्यघटना अमलात आल्यानंतर २२ वर्षांनी. प्रादेशिक सरकारच्या प्रमुखाला तिथे ‘अध्यक्ष’ म्हणतात. त्याचे भाषांतर ‘प्रदेशाध्यक्ष’ असे केले, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पक्षाचा पदाधिकारी उभा राहतो, आणि ‘मुख्यमंत्री’ म्हटले, तर आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याचे अधिकार गृहीत धरले जातात. दोन्ही चूकच. इटलीतील प्रदेशाकडे पोलीस नाहीत, न्यायालये नाहीत. त्याच्या अंदाजपत्रकाचा बराच मोठा भाग सार्वजनिक आरोग्यसेवेवर खर्च होतो, आणि त्याखेरीज स्थानिक वाहतूक, शेती, व्यवसाय-प्रशिक्षण, नियोजन असे विषय त्याच्याकडे असतात. त्यामुळे प्रादेशिक सरकारचा प्रमुख हा सत्ताधीश कमी आणि रुग्णालये, नगरपालिका, सहकारी संस्था, व्यापारी संघटना यांच्यात रोज मेळ घालणारा कारभारी अधिक असतो. बेर्सानी समजून घ्यायचे तर हा कारभारीपणा आधी समजून घ्यावा लागतो.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १९५१ रोजी पिआचेन्झा जिल्ह्यातील बेत्तोला या नुरे नदीच्या खोऱ्यातील डोंगराळ गावात झाला. वडील मेकॅनिक होते आणि त्यांचा पेट्रोलपंप होता. घर धार्मिक वळणाचे. मुलगा चर्चमध्ये पूजाविधीच्या वेळी सेवा करणाऱ्या पोरांपैकी एक, आणि त्या पोरांचा संप आपण घडवून आणला होता, हा किस्सा ते पुढे स्वतःच सांगत. प्रदेशाची राजधानी असलेल्या बोलोन्याच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकताना त्यांनी प्रबंध लिहिला तो पोप ग्रेगरी (पहिले) यांच्यावर. कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्याने सहाव्या शतकातील पोपवर प्रबंध लिहावा, यात एमिलियातल्या कोणाला फारसे नवल वाटणार नाही. तिथे चर्च, कम्युनिस्ट आणि सहकारी चळवळ एकाच गावात, एकाच चौकात आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात नांदत आलेली आहे.

१९८० साली ते प्रादेशिक विधिमंडळावर निवडून आले, मग ‘अस्सेस्सोरे’, म्हणजे प्रादेशिक सरकारातील खातेप्रमुख झाले, १९९० मध्ये उपाध्यक्ष आणि जुलै १९९३ मध्ये अध्यक्ष. या तारखांच्या आजूबाजूला काय घडत होते, ते पाहण्याजोगे आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नाव आणि स्वरूप बदलण्याची घोषणा झाली ती बोलोन्याच्याच बोलोन्यीना या वस्तीत. फेब्रुवारी १९९१ मध्ये रिमिनीच्या अधिवेशनात जुना पक्ष विसर्जित होऊन ‘डावा लोकशाही पक्ष’ जन्मला. आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलानमधील एका अटकेपासून सुरू झालेल्या लाचखोरीच्या तपासाने ख्रिस्ती लोकशाहीवादी आणि समाजवादी हे दोन्ही सत्ताधारी पक्ष दोन वर्षांत भुईसपाट केले. बेर्सानींच्या आधी एमिलिया-रोमान्याचे अध्यक्षपद एन्रिको बोसेल्ली या समाजवादी नेत्याकडे होते. म्हणजे बेर्सानी सर्वोच्च पदावर आले ते सगळी राष्ट्रीय इमारत ढासळत असताना. ज्या थोड्या ठिकाणी रुग्णालये, पाळणाघरे आणि बससेवा नीट चालत होती, तिथल्या माणसांना त्यामुळे एकाएकी किंमत आली.

आणखी एक बारकावा. १९९३ मध्ये अध्यक्षाची निवड लोक करत नसत, विधिमंडळ करी. १९९५ च्या नव्या प्रादेशिक निवडणूक कायद्याने यादीच्या अग्रभागी कोण आहे हे मतदाराला दिसू लागले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेर्सानी निम्म्याहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आले. खरीखुरी थेट निवड मात्र १९९९ च्या घटनादुरुस्तीनंतर, २००० पासून सुरू झाली. म्हणून बेर्सानी हे जुन्या आणि नव्या पद्धतीच्या सांध्यावरचे नेते ठरतात. त्यांच्या पिढीला लोकांसमोर ‘मी’ म्हणून उभे राहण्याची सवय नव्हती. ती पक्ष, संस्था आणि ठराव यांच्या भाषेत बोलणारी पिढी होती. पुढे २०१२-१३ मध्ये हे त्यांना जड गेले असे माझे मत आहे.

मे १९९६ मध्ये रोमानो प्रोदी पंतप्रधान झाले आणि त्यांनी बेर्सानींना उद्योगमंत्री म्हणून रोमला नेले. प्रोदीही एमिलियाचेच, रेज्जो एमिलियाजवळच्या स्कान्दियानोचे. इटलीत मंत्री होण्यासाठी संसदेचे सदस्य असावे लागत नाही आणि सहा महिन्यांत निवडून येण्याची अटही नाही. बेर्सानी पाच वर्षे मंत्री राहिले, प्रोदींनंतर मास्सिमो दालेमा आणि जुलियानो आमातो यांच्या सरकारांतही (डिसेंबर १९९९ पासून परिवहन खात्यात), आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ते पहिल्यांदा निवडून आले ते थेट २००१ मध्ये.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की, बेर्सानींची पदे पाठ करण्यापेक्षा त्यांचे अध्यादेश वाचा. १९९८ चा किरकोळ व्यापाराचा कायदा घ्या. तोवर इटलीत दुकानदाराला मालाच्या ठरावीक १४ गटांपैकी ज्याचा परवाना असेल तेवढेच विकता येई. बेर्सानींनी ते गट मोडून खाद्य आणि अखाद्य एवढे दोनच ठेवले, आणि छोट्या दुकानासाठी, म्हणजे लहान गावात १५० आणि मोठ्या गावात २५० चौरस मीटरपर्यंतच्या, परवान्याऐवजी नगरपालिकेला कळवून ३० दिवस थांबणे पुरेसे केले. मोठ्या दुकानांचे नियोजन मात्र त्यांनी प्रदेशांकडे सोपवले. प्रादेशिक सरकारात पंधरा वर्षे काढलेल्या माणसाचा हात इथे स्पष्ट दिसतो: केंद्राने चौकट आखावी, पण बाजाराच्या वेशीवर मोठे सुपरमार्केट येऊ द्यायचे की नाही, हे ज्यांना तिथले रस्ते माहीत आहेत त्यांनी ठरवावे.

मार्च १९९९ चा वीज अध्यादेश याहून मोठा. १९६२ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या वीजक्षेत्रात एनेल ही सरकारी कंपनी जवळजवळ एकटी होती. बेर्सानींनी असे ठरवले की, १ जानेवारी २००३ पासून कोणत्याही एका कंपनीला देशातील एकूण उत्पादन व आयातीच्या ५० टक्क्यांहून अधिक वाटा ठेवता येणार नाही, आणि त्यासाठी एनेलने किमान १५,००० मेगावॉट क्षमतेचे प्रकल्प विकावेत. त्यातून तीन नव्या उत्पादक कंपन्या निघाल्या आणि त्या विकल्या गेल्या. वहनाचे संचालन एनेलपासून वेगळे झाले, विजेच्या बाजाराची पायाभरणी झाली, आणि मोठ्या उत्पादकांना व आयातदारांना अपारंपरिक स्रोतांतून २ टक्के वीज देण्याची सक्ती आली. खासगीकरण चांगले की वाईट, हा वाद मी इथे काढत नाही. सांगायचे एवढेच की, पूर्वाश्रमीच्या कम्युनिस्ट मंत्र्याने हे केले आणि कामगार संघटनांशी बोलणी करत केले.

२००६ मध्ये प्रोदी पुन्हा पंतप्रधान झाले, बेर्सानी आर्थिक विकासमंत्री झाले, आणि त्यांचे नाव घरोघर पोहोचले. जुलै २००६ च्या अध्यादेशाने डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणारी औषधे औषधविक्रेत्याच्या देखरेखीखाली सुपरमार्केटमध्येही विकायला परवानगी दिली, वकिलांच्या शुल्काची सक्तीची किमान मर्यादा काढली, बेकरीच्या परवान्यांवरची बंधने उठवली आणि टॅक्सी परवाने वाढवण्याचा मार्ग खुला केला. टॅक्सीवाल्यांनी रोम अडवून धरले. काही दिवसांच्या संपानंतर सरकारने नगरपालिकांवर निर्णय सोपवणारी तडजोड केली, आणि टॅक्सी सुधारणा बरीचशी बोथट झाली. हे त्यांचे अपयशच म्हटले पाहिजे.

जानेवारी २००७ चा दुसरा अध्यादेश मात्र टिकला. मोबाइलचा रीचार्ज करताना कंपन्या वेगळे शुल्क कापून घेत, १० युरोंच्या रीचार्जवर साधारण २ युरो. ते बंद झाले. (आपल्याकडे ‘फुल टॉकटाइम’ ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट होती तो काळ आठवा.) गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास होणारा दंड रद्द झाला आणि कर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेणे सोपे झाले. वाहनविम्यात अशी तरतूद आली की, घरात एकत्र राहणाऱ्या एका सदस्याने अपघात न करता मिळवलेली चांगली श्रेणी दुसऱ्याच्या नव्या विम्यालाही लागू व्हावी. नाहीतर नव्या चालकाला सगळ्यात महाग श्रेणींतून सुरुवात करावी लागे. आजही मुलीसाठी पहिली गाडी घेणारा बाप विमा कार्यालयात ‘बेर्सानी कायदा लावा’ असे म्हणतो. त्यातल्या कित्येकांना बेर्सानी कोणत्या पक्षाचे हे ठाऊक नसेल.

आता पक्षाची बाजू. २००७ मध्ये पूर्वाश्रमीचे कम्युनिस्ट आणि पूर्वाश्रमीचे डाव्या वळणाचे ख्रिस्ती लोकशाहीवादी एकत्र येऊन लोकशाही पक्ष स्थापन झाला. २५ ऑक्टोबर २००९ रोजी झालेल्या खुल्या, म्हणजे पक्षाचे सदस्य नसलेल्यांनाही भाग घेता येणाऱ्या, पक्षांतर्गत मतदानात दारियो फ्रान्चेस्कीनी आणि इन्यात्सियो मारिनो यांना हरवून बेर्सानी सचिव, म्हणजे पक्षप्रमुख झाले. नोव्हेंबर २०११ मध्ये कर्जसंकटात सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांचे उजवे सरकार गेले, तेव्हा लगेच निवडणूक मागितली असती तर बेर्सानी बहुधा जिंकले असते. त्याऐवजी त्यांनी अर्थतज्ज्ञ मारियो मोंती यांच्या बिगरराजकीय सरकारला पाठिंबा दिला, आणि निवृत्तीवेतन कपातीसकट सगळ्या कडू औषधाचा वाटा स्वतःच्या पक्षावर घेतला. देशाच्या दृष्टीने तो निर्णय जबाबदारीचा होता असे मी मानतो. पक्षाला तो महाग पडला, यातही मला शंका नाही.

२०१२ च्या शरदात पंतप्रधानपदाच्या उमेदवारीसाठी पुन्हा खुले मतदान झाले. बेर्सानींनी प्रचाराची सुरुवात बेत्तोलातील वडिलांच्या जुन्या पेट्रोलपंपावरून केली. समोर फ्लोरेन्सचे ३७ वर्षांचे महापौर मातेओ रेन्झी होते, जे जुन्या पिढीला भंगारात काढण्याची भाषा उघडपणे करत होते. पहिल्या फेरीत ३० लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले, आणि २ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत बेर्सानी सुमारे ६१ टक्के मतांनी जिंकले. इथून विजय निश्चित आहे असे सगळ्यांनी, आणि बहुधा त्यांनीही, गृहीत धरले. त्यांची ‘आम्ही काय इथे जग्वारचे ठिपके पुसायला बसलोय?’ या धाटणीची ग्रामीण वाक्ये विनोदी कलाकार मौरित्सियो क्रोत्सा यांनी घरोघर पोहोचवली होती; ती लोकांना आवडत, पण पंतप्रधानपदाच्या उमेदवाराचे काम त्या वाक्यांवर भागत नाही.

२४ आणि २५ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाकडे नीट पाहिले पाहिजे, कारण प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर तिथेच आहे. कनिष्ठ सभागृहात बेर्सानींच्या आघाडीला २९.५५ टक्के आणि बेर्लुस्कोनींच्या आघाडीला २९.१८ टक्के मते मिळाली; अंतर सुमारे सव्वा लाख मतांचे. तेव्हाच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे देशात पहिल्या आलेल्या आघाडीला एकदम ३४० जागा मिळत, म्हणून ६३० च्या सभागृहात बहुमत मिळाले. सिनेटसाठी मात्र हाच जादा जागांचा लाभ देशपातळीवर न देता प्रदेशवार दिला जाई, कारण सिनेट प्रदेशांच्या पायावर निवडली जावी असे राज्यघटनाच सांगते. प्रदेशात पहिल्या आलेल्याला तिथल्या किमान ५५ टक्के जागा. एकट्या लोम्बार्दियात ४९ जागा होत्या. तिथे उजवी आघाडी पुढे गेली आणि २७ जागा घेऊन गेली. वेनेतो, कांपानिया, पुल्या, सिसिली इथेही तेच झाले. निवडून येणाऱ्या ३१५ पैकी बेर्सानींच्या आघाडीकडे १२३ जागा राहिल्या, बहुमताला १५८ हव्या होत्या. बेप्पे ग्रिल्लो यांची प्रस्थापित पक्षांविरुद्ध उभी राहिलेली ‘पंचतारा चळवळ’ पहिल्याच संसदीय निवडणुकीत २५ टक्क्यांवर पोहोचली होती. दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळाल्याशिवाय इटलीत सरकार टिकत नाही. बेर्सानी म्हणाले, आम्ही पहिले आलो, पण जिंकलो नाही. राजकारण्याने स्वतःच्या निकालाचे इतके अचूक वर्णन क्वचितच केले असेल.

ज्याची सारी घडण एका प्रदेशात झाली, तो इतर प्रदेशांच्या बेरजेने अडला, ही यातली विचित्र गोष्ट. एमिलिया-रोमान्या आणि तोस्काना हे प्रदेश त्यांच्याबरोबर होतेच, पण तिथे कितीही मोठ्या फरकाने जिंकले, तरी त्या जादा मतांचा लोम्बार्दियातल्या मिलानमध्ये किंवा सिसिलीतल्या पालेर्मोत काडीचा उपयोग नव्हता. हाच निवडणूक कायदा घटना न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये घटनाबाह्य ठरवला.

२२ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांनी त्यांना अट घालून काम दिले: सिनेटमध्ये खात्रीचे बहुमत आहे का ते आधी पाहा, मग नियुक्ती. २७ मार्चला बेर्सानी ग्रिल्लो यांच्या गटनेत्यांशी बोलायला बसले, आणि त्या पक्षाच्या आग्रहामुळे ती बैठक इंटरनेटवर थेट दाखवली गेली. मी ती विद्यार्थ्यांबरोबर अनेकदा पाहिली आहे. ज्या माणसाने तीस वर्षे बंद दाराआड टॅक्सीवाले, वीज कामगार आणि बेकरीवाले यांच्याशी तोडगे काढले, तो कॅमेऱ्यासमोर विनवणी करतो आहे आणि समोरच्यांना तोडगा नकोच आहे, कारण ‘तोडगा नको’ हाच त्यांचा जाहीरनामा आहे. बेर्लुस्कोनींशी हातमिळवणी हा दुसरा मार्ग होता. तो बेर्सानींनी स्वतःच नाकारला.

शेवटचा धक्का राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत बसला. दोन्ही सभागृहांचे सदस्य आणि प्रदेशांचे प्रतिनिधी असे १,००७ मतदार, मतदान गुप्त, पहिल्या तीन फेऱ्यांत दोन तृतीयांश म्हणजे ६७२ मते लागतात, नंतर साधे बहुमत म्हणजे ५०४. १८ एप्रिलला उजव्यांशी ठरवून स्वतःच्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते फ्रान्को मारिनी यांचे नाव पुढे केले, तर पक्ष फुटला आणि मारिनींना ५२१ मते पडली. १९ ला सकाळी पक्षाच्या मतदारांनी प्रोदींच्या नावाला एकमुखाने होकार दिला. प्रोदी तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी मालीत होते. दुपारी पेटी उघडली तेव्हा त्यांना ३९५ मते निघाली, म्हणजे आघाडीतल्याच सुमारे १०१ जणांनी दगा दिला होता. हे १०१ कोण, याची खात्रीशीर यादी आजवर कोणी मांडू शकलेले नाही. आमच्यात चारातला एक गद्दार आहे असे म्हणून बेर्सानींनी पक्षप्रमुखपद सोडले. दुसऱ्या दिवशी नापोलितानोच पुन्हा निवडून आले, आणि महिनाअखेरीस बेर्सानींचे उपप्रमुख एन्रिको लेत्ता उजव्यांना बरोबर घेऊन पंतप्रधान झाले.

पुढचे लवकर सांगता येते. जानेवारी २०१४ मध्ये मेंदूतील रक्तस्रावामुळे पार्मात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि फेब्रुवारीअखेर ते संसदेत परतले ते रेन्झींच्या सरकारवरील विश्वासमताच्या दिवशी. रेन्झींनी ज्यांना पायउतार केले होते त्या लेत्तांना त्यांनी सभागृहात मिठी मारली. डिसेंबर २०१६ च्या घटनादुरुस्ती जनमतात ते स्वपक्षाच्या पंतप्रधानाविरुद्ध ‘नाही’च्या बाजूने राहिले, २०१७ मध्ये पक्षातून बाहेर पडून रोबेर्तो स्पेरान्त्सा आदींबरोबर वेगळा गट काढला, आणि २०१८ मध्ये त्यांच्या यादीला जेमतेम ३.४ टक्के मते मिळाली. २०२२ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. २०२३ मध्ये तो गट मूळ पक्षात परतला.

प्रदेशातून राष्ट्रीय नेतृत्वाकडे जाणारी वाट आहे का, याचे उत्तर ‘आहे, आणि ती आता रुंद झाली आहे’ असे द्यावे लागेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकशाही पक्षाच्या प्रमुखपदाची अंतिम लढत झाली, ती एमिलिया-रोमान्याचे तेव्हाचे अध्यक्ष स्तेफानो बोनाच्चीनी आणि २०२० ते २०२२ या काळात त्यांच्याच सरकारात उपाध्यक्ष असलेल्या एली श्लाईन यांच्यात. पक्षसदस्यांच्या मतदानात बोनाच्चीनी पुढे होते. खुल्या मतदानात श्लाईन जिंकल्या. थेट निवडणुकीमुळे प्रादेशिक अध्यक्षांना आज जो चेहरा मिळतो तो १९९३ च्या बेर्सानींना नव्हता. दुसरे कारण कायद्याचे आहे: लागोपाठ दोन मुदतींहून अधिक काळ अध्यक्ष राहता येत नाही, आणि २०२५ मध्ये कांपानियाने यातून काढलेली पळवाट घटना न्यायालयाने बंद केली. त्यामुळे दहा वर्षांनी प्रत्येक यशस्वी अध्यक्षाला रोम किंवा ब्रसेल्सकडे पाहावेच लागते. बोनाच्चीनी २०२४ मध्ये युरोपीय संसदेत गेले. तिथून पंतप्रधानपदापर्यंतचे अंतर अजून कोणत्याही पूर्वाश्रमीच्या प्रादेशिक अध्यक्षाने मतपेटीतल्या विजयाने कापलेले नाही, आणि फेब्रुवारी २०१३ मधल्या बेर्सानींइतके त्याच्या जवळ कोणी गेलेलेही नाही.